क्लाइव्ह आणि डग्लसच्या मधली पाटी

व्हॅलमाय प्राउसने एकतीस वर्षं एकच काम केलं. वुरिंदल गावच्या प्राथमिक शाळेसमोर सकाळी एकदा आणि दुपारी एकदा केशरी डगला घालून ती रस्त्याच्या मधोमध उभी राहायची, 'थांबा' लिहिलेली गोल पाटी उभी धरायची, आणि गाड्या थांबायच्या. दुधाचे टँकर थांबायचे, लाकडाचे ट्रक थांबायचे. एकदा एक अंत्ययात्रा थांबली होती, आणि मागच्या गाडीतल्या विधवेने काच खाली करून घाई नाही म्हणून सांगितलं होतं. व्हॅलमाय निवृत्त झाली तेव्हा शाळेने केक कापला आणि तीच पाटी तिला भेट दिली. तिने ती धुण्याच्या खोलीत दाराआड ठेवून दिली. डगला मात्र ती बागेत काम करताना घालायची, कारण तो अजून चांगला होता.

बोलणं तिला कधी फारसं लागलंच नाही. कामावर 'थांबा' आणि 'चला आता' एवढ्यावर भागायचं, आणि तिचा नवरा आयव्हर हयात होता तोवर सांगायचा की घरीही तेवढ्यावरच भागतं.

तिच्या घराच्या मागे पाठीला पाठ लावून धाकट्या बहिणीचं, नोलीनचं घर होतं. मधे लाकडी कुंपण आणि कुंपणात एक फाटक. नोलीन तिच्याहून चार वर्षांनी लहान आणि चाळीस पट बोलकी. दोघींचे नवरे दोन वर्षांच्या अंतराने गेले. त्यानंतर रविवारचं भाजलेलं मटण एका रविवारी इकडे आणि एका रविवारी तिकडे असं ठरलं. ते ठरलं म्हणजे कुणी ठरवलं नाही, होत गेलं.

मांजरं व्हॅलमायला नोकरीच्या शेवटच्या वर्षी शाळेच्या कचऱ्याच्या डब्यांमागे सापडली होती. दोघं भाऊ, एकमेकांना असे चिकटलेले की आधी तिला ते एकच मांजर वाटलं. तांबडा क्लाइव्ह तिने ठेवला, करडा डग्लस नोलीनने नेला, आणि दोघंही वेगवेगळ्या घरांत दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. जनावरांच्या डॉक्टर ट्रानबाई म्हणाल्या, ही जोडी आहे, तोडू नका. गावच्या काउन्सिलचा नियम असा की मांजर आपल्या हद्दीबाहेर दिसता कामा नये. मग नोलीनच्या नवऱ्याने, कीथने, क्रिकेट क्लबच्या जुन्या सरावाच्या जाळ्या आणून दोन्ही अंगणांत कुंपणाला लागून दोन जाळीघरं उभी केली आणि कुंपणाला भोक पाडून त्यात सिमेंटच्या गटाराच्या पाइपाचा एक तुकडा बसवला. मांजरं त्या पाइपातून या घरातून त्या घरी ये-जा करायची. व्हॅलमायच्या बाजूला अगदी वर एक फळी होती, तिथे सकाळचं ऊन पहिल्यांदा यायचं. सात वर्षं दोघं त्या फळीवर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपले. कीथने त्यानंतर काही बांधलं नाही. त्याला वेळच मिळाला नाही.

नोलीनची मुलगी लीअॅन तिकडे वर क्वीन्सलंडला बंडाबर्गला राहते. तिने मागच्या अंगणात आईसाठी दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या आणि दर रविवारी फोन करून ती त्या खोल्यांचं वर्णन करायची. नोलीन दर रविवारी एकच उत्तर द्यायची.

"अगं, आले असते गं. पण तुझ्याकडे एकच मांजर चालणार, आणि जोडी तोडता येत नाही. डॉक्टरांनीच सांगितलंय."

व्हॅलमाय तेव्हा समोर बसून मटणाचे तुकडे करत असायची. फोन वाजला की तिचा हात थांबायचा. जोडी तोडता येत नाही हे वाक्य पुरं झालं की तिची सुरी पुन्हा चालू व्हायची.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी पावणेसातला क्लाइव्ह आणि डग्लस एकमेकांच्या उरावर बसले.

व्हॅलमाय त्या वेळी नेहमीप्रमाणे नदीपर्यंत फिरायला गेली होती. परत आली तर नोलीन झोपायच्या झग्यात, पायात गमबूट, जाळीघरात उभी. एका हातात झाडू. डग्लसचा कान फाटलेला, क्लाइव्ह वरच्या फळीवर, शेपूट बाटली धुवायच्या ब्रशासारखी झालेली. जाळीत दोन्ही रंगांचे केस अडकले होते.

"तुझ्या क्लाइव्हने काढली कुरापत," नोलीन म्हणाली.

"तू पाहिलंस?"

"पाहायला कशाला हवं? डग्लसचा कान फाटलाय. स्वतःचा कान कुणी स्वतः फाडतं का?"

"क्लाइव्हने आजवर माशी मारली नाही."

"मारली नाही कारण आळशी आहे. आयव्हरसारखा."

व्हॅलमायने आयव्हरबद्दलचं ऐकून घेतलं, कारण ते खरं होतं. मग ती धुण्याच्या खोलीत गेली, दाराआडची पाटी आणली, तिचा दांडा काढला आणि ती गोल पाटी पाइपाच्या तोंडावर टेकवून मागे वीट लावली. पाटी चपखल बसली. 'थांबा' हा शब्द क्लाइव्हच्या बाजूला आला. नोलीनच्या मते ते योग्यच होतं.

संध्याकाळी पाटी काढून पाहिली. दोघांनी पाइपाच्या दोन टोकांना उभं राहून असा आवाज काढला की पलीकडच्या गल्लीतला कुत्रा भुंकायला लागला. पाटी परत लागली. बुधवारीही तेच. सात वर्षं ज्याच्या पोटावर डोकं ठेवून झोपलो तो कोण, हे दोघांनाही आठवत नव्हतं.

गुरुवारी व्हॅलमायने डग्लसला गाडीत घालून, नोलीनला बाजूला बसवून डॉक्टर ट्रानबाईंकडे नेलं. बाईंनी कानाला दोन टाके घातले.

"घरात काही बदललं? नवीन कुणी आलं? एखाद्याला आंघोळ घातली?"

"काही नाही," दोघी म्हणाल्या.

"मग बाहेर पाहा. बरेचदा असं होतं. जाळीबाहेर काहीतरी येतं, परकं मांजर, कुत्रा, काहीही. यांना त्याच्यावर जाता येत नाही. तो राग अंगात मावत नाही, मग शेजारी जो असेल त्याच्यावर निघतो. आणि एकदा निघाला की तोच शत्रू वाटायला लागतो. बाहेर काय येतं ते शोधा. ते थांबलं तर हे जुळतील. नाही सापडलं तर मात्र..." त्यांनी हातमोजे काढले. "तर मात्र वेगळे ठेवलेले बरे. नाहीतर पुढच्या वेळी कानावर भागणार नाही."

परतताना नोलीन पहिली दहा मिनिटं गप्प होती. व्हॅलमायला तेवढ्यावरूनच कळायला हवं होतं.

"म्हणजे तुटली म्हणायची जोडी," नोलीन शेवटी म्हणाली.

"शोधू की काय येतं ते."

"हो, शोधू. पण मी काल लीअॅनशी बोलले. ती म्हणाली, आई, आता तुला काय अडचण आहे? आणि खरं सांगू का, मला काही सुचलं नाही. पुढच्या शनिवारी घर बघायला तो घरं विकणारा दलाल येतोय. नुसतं बघायला."

"बरं," व्हॅलमाय म्हणाली. पुढच्या चौकात दिवा हिरवा होता. तिने तरीही गाडी थांबवली, आणि मागच्याने हॉर्न दिल्यावर सुरू केली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी तेव्हा व्हॅलमायखेरीज कुणालाच माहीत नव्हती.

सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे मॅगपायांचे दिवस. अंडी घातली की नराचं डोकं फिरतं, आणि तो काळापांढरा पक्षी मागून येऊन माणसाच्या टाळूवर झडप घालतो. सायकलवाले शिरस्त्राणाला काटे लावतात, पोस्टमन टोपीला मागच्या बाजूने डोळे काढतो. काही लोक मात्र त्याला रोज खिमा घालतात, कारण मॅगपाय चेहरे ओळखतो आणि ज्याचा खिमा खाल्ला त्याला टोचत नाही. व्हॅलमायला अशा लोकांचा मनस्वी तिटकारा होता. एकतीस वर्षं तिने मुलांना शिकवलं होतं, पळायचं नाही, घाबरायचं नाही, त्याच्या डोळ्यांत बघायचं. तीन वर्षांपूर्वी तिने गावच्या पत्रकात पत्र लिहिलं होतं की खिमा घालणं ही लाच आहे आणि लाचखाऊ पक्षी शेवटी गावाचं वाटोळं करतो. नोलीनने ते कात्रण फ्रिजवर लावलं होतं.

गेल्या वर्षी मैदानाच्या कोपऱ्यावरच्या निलगिरीतून तो आला आणि व्हॅलमाय पडली. मनगट मोडलं. सत्तरी उलटलेली बाई जमिनीवर पडून आकाशाकडे बघत होती आणि तिला पहिल्यांदाच डोळ्यांत बघायचं सुचलं नाही. तिने घरी येऊन सांगितलं की ती नोलीनच्या अंगणातल्या पाणी घालायच्या नळीला अडखळली. पडल्याचं दुःख नव्हतं. भीती वाटली, याची लाज होती.

यंदा ऑगस्टच्या मध्यापासून ती रोज सकाळी साडेसहाला चिमूटभर खिमा बाहेर ठेवत होती. कुठे, तर जाळीघराच्या छपराच्या आडव्या दांड्यावर. कीथने तिथे वारा अडवायला पत्रा ठोकला होता, त्यामुळे नोलीनच्या स्वयंपाकघरातून तेवढीच एक जागा दिसत नसे. खिमा ठेवून ती फिरायला निघून जायची. पक्ष्याने तिला टोचणं बंद केलं होतं. तिचा हिशेब तिथे संपत होता.

विचारात घ्यायची राहिली ती एकच गोष्ट. तो दांडा वरच्या फळीपासून दीड हातावर होता.

शुक्रवारी व्हॅलमायने केशरी डगला चढवला, घडीची खुर्ची जाळीघरासमोर मांडली आणि राखण सुरू केली. फिरून आल्यावर सात वाजल्यापासून, डबा बरोबर घेऊन, जेवायच्या वेळेपर्यंत. जवळून काय काय गेलं ते ती एका वहीत लिहीत होती. एक घोरपडीचं पिल्लू. मीटर वाचणारा. शेजारच्यांची कोंबडी, दोनदा, एकच. मांजरांनी यातल्या कशाचीच दखल घेतली नाही. शनिवारी आणि रविवारीही तेच. रविवारचं मटण नोलीनकडे होतं, पण ती म्हणाली की या वेळी सँडविचवर भागवू, भांडी बांधायला काढलीत.

"नुसतं बघायला येणार होता ना तो?" व्हॅलमाय म्हणाली.

"हो, पण कपाटं भरलेली दिसली तर खोल्या लहान वाटतात म्हणे."

सोमवारी व्हॅलमायने ठरवलं की आज फिरणं नको, भांडण झालं त्या वेळेलाच बसायचं. साडेसहाला ती बाहेर आली, सवयीने खिमा दांड्यावर ठेवला आणि खुर्चीत बसली.

तो दहा मिनिटांनी आला. दांड्यावर उतरला, खिमा खाल्ला, चोच जाळीला पुसली, आणि मग जाळीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत असा चालला की गावच्या मालकीचे कागद जणू त्याच्या खिशात होते. खाली क्लाइव्ह उभा होता. अंगावरचा एकूण एक केस उभा. पक्ष्याने मान वाकडी करून जाळीतून त्याच्या डोक्यावर एक टोच मारली, अगदी सहज, आणि उडून गेला. क्लाइव्हने वर पाहिलं. वर कुणी नव्हतं. तो फळीवरून खाली उतरला, सरळ पाइपापाशी गेला आणि 'थांबा' लिहिलेल्या पाटीवर दोन्ही पंजांनी तुटून पडला. पत्र्याचा आवाज घुमला. पलीकडून डग्लसने उत्तर दिलं.

व्हॅलमायने वही उघडली. पेन हातात घेतलं. मग तिने वही मिटली.

खिमा त्या दिवसापासून बंद झाला. पक्षी दोन सकाळी आला, रिकाम्या दांड्यावर उभा राहून ओरडला आणि मग यायचा थांबला. बुधवारी मांजरं पाटीच्या दोन बाजूंना वाट्या ठेवल्यावर निमूटपणे जेवली. गुरुवारी पाटीच्या खालच्या फटीतून एक करडा पंजा आला. क्लाइव्हने तो हुंगला आणि त्याच्याशेजारी बसला.

"जुळताहेत," व्हॅलमाय म्हणाली.

"आज जुळताहेत," नोलीन म्हणाली. "पण का बिघडले ते कळलं का तुला? नाही ना? मग उद्या परत बिघडतील. मी झोपेतून उठून पुन्हा रक्त बघायचं का? माझ्याच्याने नाही होणार, व्हॅल. कीथ गेला त्या सकाळी बघितलंय तेवढं पुरे."

व्हॅलमायने पाटीमागची वीट सारखी केली. कारण सांगायला चार शब्द पुरले असते. पण त्या चार शब्दांच्या मागे खिमा होता, खिम्यामागे पत्र, पत्रामागे मोडलेलं मनगट, आणि सगळ्यात मागे रस्त्याच्या कडेला आडवी पडलेली एक घाबरलेली म्हातारी. एकतीस वर्षं जिला बघून गाव थांबलं तिला ही बाई कुणाला दाखवायची नव्हती. आणि न दाखवावी तर शनिवार येत होता.

शनिवारी सकाळी ती फिरायला गेली, कारण घरात बसवत नव्हतं. मॅगपाय चेहरा विसरत नाही, आणि खिमा बंद करणाऱ्याचा तर मुळीच नाही.

नोलीनच्या अंगणात घर विकणारा आला होता. टोकदार बुटांचा तरुण माणूस, हातात मोजपट्टी. तो जाळीघरापाशी थांबून सांगत होता की हे तेवढं पाडावं लागेल, लोकांना अंगण मोकळं आवडतं. नोलीन मान हलवत होती. तेवढ्यात कुंपणाचं फाटक उघडून व्हॅलमाय आत आली. टोपीला भोक पडलेलं, आणि कानावरून एक लाल ओघळ कॉलरपर्यंत आलेला.

"हे काय?" नोलीनने विचारलं.

"मॅगपाय."

"तुला? तुला कधीपासून टोचायला लागला?"

"गेल्या वर्षीपासून. यंदा मी त्याला खिमा घालत होते. जाळीघरावर, पत्र्यामागे. त्याच्यावरून ही दोघं भांडली. सोमवारी कळलं. बंद केला. म्हणून आज परत टोचला."

एवढी वाक्यं ती एका दमात आधी कधी बोलली नव्हती. घर विकणाऱ्याने मोजपट्टी तिच्या डबीत परत जाऊ दिली.

"तू," नोलीन म्हणाली. "तू खिमा घालत होतीस."

"हो."

"माझ्या फ्रिजवर तुझं पत्र आहे."

"माहीत आहे."

"आणि मनगट?"

"नळीला अडखळले नव्हते. त्यानेच पाडलं. मला भीती वाटायला लागली, नोली."

नोलीनने बहिणीची टोपी काढून कान पाहिला.

"ती नळी मी फेकून दिली," ती म्हणाली. "नवीकोरी होती. माझ्यामुळे तुझं मनगट मोडलं म्हणून रात्रीची झोप गेली माझी. वर्षभर मी वाटीवाटीने टोमॅटोंना पाणी घालतेय."

"मला वाटलं तुला आवडतं तसं."

"वाटीने? कुणाला आवडतं वाटीने?"

घर विकणाऱ्याने आपण नंतर येऊ का असं विचारलं.

"जाऊ नकोस," व्हॅलमाय म्हणाली.

"तो नाही का जाणार? कामाचा माणूस आहे."

"तो जाऊ दे. तू जाऊ नकोस."

"मांजरांसाठी?"

"मांजरं गेली खड्ड्यात. माझ्यासाठी."

हातात पाटी नव्हती, अंगात डगला नव्हता, आणि समोरचं थांबेल की नाही याची व्हॅलमायला काही खात्री नव्हती. ती नुसती उभी राहिली. आयुष्यभर ती रस्त्यात उतरली ती गाड्या थांबणार हे धरूनच. हे वेगळं होतं.

नोलीन घर विकणाऱ्याकडे वळली. "चहा घेणार का?"

तो म्हणाला की त्याला पुढे अजून दोन घरं बघायची आहेत.

"मग निघा तुम्ही," नोलीन म्हणाली. "त्या दोन घरवाल्यांना कदाचित विकायचं असेल."

तो गेला. नोलीनने आतून आयोडीन आणलं आणि व्हॅलमायला पायरीवर बसवून तिचा कान पुसला. वाजवीपेक्षा थोडा जोरातच पुसला. मग दोघी फाटकातून व्हॅलमायच्या अंगणात आल्या. व्हॅलमायने वीट बाजूला सारली आणि पाटी उचलली. डग्लसचं डोकं पाइपातून बाहेर आलं, टाक्यांसकट. क्लाइव्हने त्याच्याकडे पाहिलं. ते बघणं बरंच लांबलं. नोलीनने झाडू हाताशी ठेवला होता. मग क्लाइव्ह पुढे झाला, त्याने फाटलेला कान हुंगला आणि चाटायला सुरुवात केली. त्यानेही तो वाजवीपेक्षा थोडा जोरातच चाटला. डग्लसने सहन केलं.

"लीअॅनला काय सांगशील?" व्हॅलमायने विचारलं.

"सांगेन जोडी तोडता येत नाही म्हणून." नोलीनने झाडू कुंपणाला टेकवला. "सोमवारी बाजारात जाशील ना? मला नळी आणून दे. तीस मीटरची."

"तीस मीटर कशाला? तुझं अंगण तर पंधरासुद्धा भरायचं नाही."

"माझं नाही भरायचं," नोलीन म्हणाली. "पण फाटकातून तुझ्याकडेही यायला हवी ना."